पीओएलमधला शेवटचा एल

जबलपूरहून नागपूरकडे निघालं की शहर संपता संपता तिलवारा लागतं. इथल्या पुलावरून नर्मदा ओलांडायची. गावाच्या नावाचा संबंध लोक तिळाशी जोडतात आणि संक्रांतीला घाटावर मेळा भरतो. आपला ‘तेल’ हा शब्दही तिळातूनच आलेला, तिलाचं ते तैल. म्हणजे आपल्या भाषेत तेल मुळात खायचं. त्यामुळेच असेल कदाचित, यंत्रात घालायच्या तेलाकडेही आपण ‘तेल ते तेल’ म्हणूनच बघतो. आज मला या सवयीशी भांडायचं आहे.

फौजेत पेट्रोल, ऑइल आणि लुब्रिकंट यांना मिळून पीओएल म्हणतात. त्यातल्या पीचा हिशोब लिटरला लिटर लागतो, लॉगबुकातल्या किलोमीटरशी ताडून पाहिला जातो. शेवटच्या एलला कोणी वाली नाही. चार्टवर लिहिलंय ते घातलं, सही केली, पुढची गाडी घ्या. का घातलं हे कोणी विचारत नाही, आणि विचारलंच तर सांगणारा सापडेलच असं नाही. हे मी जबलपुरात बसून लिहितोय, जिथे १९०४ पासून गन कॅरेज फॅक्टरी आहे आणि जिथल्या व्हेईकल फॅक्टरीतून शक्तिमान आणि जोंगा निघाल्या. त्या गाड्या हाकलेले कितीतरी माजी सैनिक हे वाचत असतील. त्यांच्या हातांना माहीत आहे ते मी शब्दांत मांडतोय, इतकंच.

फिरत्या दोन धातूंच्या मध्ये तेलाचा थर राहिला पाहिजे, ही वंगणाची पहिली अट. तो थर टिकेल की तुटेल हे तेलाच्या दाटपणावर, म्हणजे व्हिस्कॉसिटीवर ठरतं. तेल तापलं की पातळ होतं आणि गारठलं की घट्ट. डब्यावर १५डब्ल्यू-४० लिहिलेलं असतं, त्यातला डब्ल्यू विंटरचा. पहिला आकडा थंडीत इंजिन सुरू होतानाचा, दुसरा १०० अंश सेल्सिअसला तेल किती दाट राहील त्याचा. आकडा मोठा म्हणजे तेल भारी, असं समजून ४०च्या जागी ५० ओतणारे मी बरेच पाहिलेत. इंजिन नवं असेल आणि कंपनीने ४० सांगितलं असेल तर त्या जादा दाटपणाचा उपयोग नाही. इंजिनाला ते ढवळायला जास्त जोर मात्र लागतो.

तसंच काळ्या तेलाचं. तेल काळं पडलं म्हणजे खराब झालं असं नाही. डिझेल इंजिनाच्या तेलात काजळी धरून ठेवणारी रसायनं मुद्दाम घातलेली असतात, त्यामुळे काळं तेल हे बऱ्याचदा काम करणारं तेल असतं. डिपस्टिकवर दुधी रंग दिसला तर मात्र गाडी हलवू नका. पाणी शिरलंय.

शस्त्रांचं गणित आणखी वेगळं. लडाखच्या थंडीत जास्तीचं तेल गोठून बोल्ट जड होतो. राजस्थानात तेच तेल वाळू धरतं आणि रायफलमध्ये पॉलिश पेपर घातल्यासारखी झीज सुरू होते. रायफल तीच आणि जवानही तोच, पण एकीकडे तेल पातळ आणि अगदी थोडं लागतं, दुसरीकडे जवळजवळ कोरडं पुसावं लागतं. हे ज्याला कारणासकट कळलंय तो बदली झाली तरी चुकत नाही. नुसता चार्ट पाठ केलेला चुकतो.

आता ग्रीस. ग्रीस म्हणजे घट्ट तेल नव्हे. साबणाच्या जाळीत धरून ठेवलेलं तेल म्हणजे ग्रीस, आणि साबण कोणता यावर त्याचा स्वभाव ठरतो. कॅल्शियमचं ग्रीस पाण्याला दाद देत नाही, पण साधं कॅल्शियम ग्रीस शंभर अंशांच्या आसपासच वितळतं. सोडियमचं उष्णता सोसतं आणि पाण्यात विरघळतं. लिथियमचं दोन्ही बऱ्यापैकी सांभाळतं, साधारण १८० अंशांपर्यंत वितळत नाही, म्हणून चाकांच्या बेअरिंगला आज बहुधा तेच. रंगावरून यातलं काहीही कळत नाही, कारण रंग कोणीही घालू शकतो.

आमच्याकडून निवृत्त झालेल्या एका हवालदारांनी जुना टिपर घेतला. तिलवाऱ्याच्या चहाच्या टपरीवर त्यांनी मला जे सांगितलं ते इथे देण्याजोगं आहे. रस्त्यावरच्या एका गॅरेजमध्ये हबचं काम करून घेतलं, तिथे पिवळं स्वस्त ग्रीस भरलं गेलं. कुरईच्या घाटात उतरताना ब्रेक तापले, हब तापला, ग्रीस पाण्यासारखं झालं आणि सील ओलांडून ब्रेकच्या लायनरवर गेलं. एक चाक धरेना, गाडी एका बाजूला ओढू लागली. मागे बारा टन खडी. “साहेब, गिअरने वाचवलं,” ते म्हणाले. मिस्त्रीला त्यांनी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, ग्रीस तर भरलं होतं ना!

वंगणाबद्दल न सांगण्याची किंमत या शहराने आणि या देशाने एकदा फार मोठी मोजली आहे. एनफिल्ड रायफलच्या काडतुसाला चरबी लागायची ती काही कोणाला बाटवायला नव्हे. आटे पाडलेल्या नळीतून घट्ट गोळी खाली सरकावी आणि दारूची काजळी मऊ राहावी म्हणून. पण चरबी कोणत्या प्राण्याची हे ठरवताना कोणी शिपायाचा विचार केला नाही, आणि काडतूस तर दाताने फोडायचं होतं. जानेवारी १८५७ मध्ये बोभाटा झाल्यावर शिपायांना स्वतःचं मेण-तूप लावायची मुभा मिळाली, तोवर विश्वास गेला होता. त्याच वर्षी १८ सप्टेंबरला जबलपुरात राजा शंकरशाह आणि कुंवर रघुनाथशाह यांना तोफेच्या तोंडी दिलं गेलं आणि इथली ५२वी पलटण उठली. उठावाची कारणं अनेक होती, हे मान्य. ठिणगी मात्र वंगणाची होती.

एका सहकाऱ्याचं म्हणणं, जवानाला एवढं रसायनशास्त्र कशाला? मला हे पटत नाही. ज्याच्या आजोबांनी बैलगाडीला वंगणाचं नळकांडं टांगून आस कधी कुरकुरू दिला नाही, त्याला हे समजावायला दहा मिनिटं पुरतात. माझं मागणं मोठं नाही. प्रत्येक एमटी पार्कमधल्या वंगणाच्या चार्टवर एक रकाना वाढवावा: ‘का’. गिअरच्या जागी, एक्सट्रीम प्रेशरच्या तेलातलं गंधक काही पितळी भागांना खातं म्हणून हेच तेल, एवढं लिहिलं तरी पुरे. मेंटेनन्स परेडला एमटीच्या सुभेदारसाहेबांनी रोज एकच ओळ समजावून सांगावी.

आणि निवृत्तीनंतर ट्रॅक्टर-टिपर घेणाऱ्या बांधवांनो, डब्यावरचा साबण आणि एनएलजीआय क्रमांक वाचून घ्या. चाकाच्या बेअरिंगला बहुधा २ लागतो. दोन जातींची ग्रीस एकत्र करू नका, जुनं धुऊन मगच नवं भरा. हबमध्ये ठासून भरू नका, मोकळी जागा नसली की ग्रीस स्वतःच तापतं. काढलेलं तेल २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचरा आहे. ते झाकणाच्या डब्यात साठवून नोंदणीकृत रिसायकलरला द्या. तिलवाऱ्याच्या घाटावर गाडी धुताना ते नर्मदेत सोडू नका.