रुग्णाआधी नमुना मुंबईला जावा

पिंपळगाव राजासारख्या गावात महिनाभर खोकला हटला नाही, वजन उतरू लागले, की पहिला संशय क्षयाचा येतो. तो रास्तच आहे. पण थुंकीत जंतू न सापडताही अनेकदा क्षयाच्याच गोळ्या सुरू राहतात आणि फुप्फुसाचा कर्करोग असलेल्या रुग्णाचे मोलाचे महिने निघून जातात. पुढे खामगाव-अकोल्याला बायोप्सी होते आणि ‘कॅन्सर आहे’ एवढ्यावर तपास थांबतो. तो तिथे थांबता कामा नये.

फुप्फुसाचा कर्करोग हा एकच आजार नाही. त्यातील ‘अ‍ॅडिनोकार्सिनोमा’ या प्रकारात भारतातील साधारण चारपैकी एका रुग्णाच्या गाठीत ‘ईजीएफआर’ जनुकात बदल आढळतो. काहींच्या ‘एएलके’ जनुकात. हा बदल सहसा आनुवंशिक नसतो, गाठीतच घडलेला असतो. विडी-सिगारेट न ओढणाऱ्यांत तो अधिक दिसतो. बिघडलेले जनुक पेशीला सतत ‘वाढत राहा’ असा निरोप देते. तो निरोपच अडवणाऱ्या गोळ्या आज मिळतात.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने असा बदल असलेल्या ३५० रुग्णांवर केलेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. केवळ जेफिटिनिबच्या गोळीवर आजार साधारण ८ महिने आटोक्यात राहिला. जोडीला केमोथेरपी दिल्यावर १६ महिने. तीव्र दुष्परिणाम मात्र दुप्पट रुग्णांत दिसले. पसरलेला रोग या औषधांनी समूळ जात नाही. पण घरच्यांसोबतचे चांगले महिने वाढतात, हेही थोडके नाही.

केंद्राने जुलै २०२४ मध्ये ऑसिमर्टिनिब या औषधावरील सीमाशुल्क माफ केले. पण ज्याची जनुक चाचणीच झाली नाही, त्याला ही सवलत काय कामाची?

गाठीचा तुकडा मेणात जतन केला, की साध्या तापमानातही टिकतो. रुग्णाला प्रवास झेपत नसला, तरी त्याचा नमुना मुंबईला जाऊ शकतो. जिल्हा रुग्णालयातून नमुने पाठवण्याची कायमची व्यवस्था आणि चाचणीचा खर्च, या दोन गोष्टी शासनाने अंगावर घ्यायला हव्यात. तोवर नातेवाइकांनी बायोप्सीचा अहवाल हाती येताच डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारावा: ‘तुकडा जनुक चाचणीला पाठवायचा का?’