वॉल्मरच्या त्या खोलीत असईलाही जागा द्या

'इंग्लिश हेरिटेज'च्या विश्वस्तांना,


केंटच्या किनाऱ्यावरचा वॉल्मरचा किल्ला आपण निगुतीने राखला आहे, त्याबद्दल आधी आभार. आठव्या हेन्रीने पोपशी फारकत घेतली, तिकडे फ्रान्सचा राजा आणि सम्राट पाचवा चार्ल्स यांचे जमले, आणि इंग्लंडवर स्वारी होणार अशी आवई उठली. त्या धास्तीपोटी 1539-40 मध्ये डील, सँडाउन आणि वॉल्मर हे तीन किल्ले उभे राहिले. मधोमध बसका गोल बुरूज, त्याला लागून चार अर्धगोल बुरूज, भोवती खंदक. सिंधुदुर्ग पाहिलेल्या मराठी माणसाला हे बांधकाम चिमुकले वाटेल. पण किनाऱ्यापुढे नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजांना तोफांचा आधार देणे, यासाठी ते होते.

1648 च्या यादवीत वॉल्मरला वेढा पडला. 1708 पासून मात्र तिथे सिंक पोर्ट्‌सचे लॉर्ड वॉर्डन, म्हणजे आग्नेय किनाऱ्यावरच्या जुन्या बंदरांचे मानाचे अधिकारी, राहू लागले आणि गढीचा वाडा झाला.

बागेला खरा बहर आणला तो लॉर्ड वॉर्डन विल्यम पिटने आणि 1803 मध्ये त्याचे घर सांभाळायला आलेल्या भाचीने, लेडी हेस्टर स्टॅनहोपने. एकदा मामा बाहेरगावी गेल्याचे पाहून तिने डोव्हरच्या पलटणींतले शिपाई कामाला लावले. जमीन सपाट करवली, हिरवळ अंथरली, झुडपे हलवून लावली. नेपोलियन कधी येतो याची वाट पाहणाऱ्या शिपायांच्या हाती फावडी! आज खंदकातही झाडे-फुले आहेत, आणि 1997 मध्ये राजमातेसाठी केलेली बागही आहे.

त्याच 1803 च्या 23 सप्टेंबरला जालन्यातल्या भोकरदनजवळ असईची लढाई झाली. एका बाजूला दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले, दुसऱ्या बाजूला आर्थर वेलस्ली, पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. वाटाड्यांनी सांगितले, केळणा नदीला जवळपास उतार नाही. वेलस्लीने दोन्ही काठांवर समोरासमोर वसलेली गावे पाहिली आणि ताडले, इथे उतार असणारच. उतार निघाला खरा, पण पुढे मराठी तोफांनी त्याचे दीड हजारांवर लोक मारले किंवा जायबंदी केले. मराठ्यांचे गोलंदाज तोफांपासून हटले नाहीत. काहीजण प्रेतांत पडून राहिले आणि इंग्रज फौज पुढे सरकताच उठून त्यांनी तिच्या पाठीवर तोफा डागल्या.

हाच वेलिंग्टन 1829 पासून सिंक पोर्ट्‌सचा लॉर्ड वॉर्डन होता. 14 सप्टेंबर 1852 रोजी वॉल्मरलाच तो वारला. त्याची साधी खोली, मोहिमेतली खाट आणि ज्या खुर्चीत प्राण गेला ती खुर्ची आपण जपली आहे. उतारवयात, वॉटर्लू जिंकून झाल्यावरही, आपली सर्वांत चांगली लढाई कोणती या प्रश्नाला त्याने असईचेच नाव घेतले होते, असे सांगतात.

म्हणूनच मराठी वाचकांची विनंती अशी: त्या खाटेशेजारी असई ठळकपणे सांगा. नदी, उतार आणि दोन्ही फौजा दाखवणारा एक नकाशा लावा, मजकूर मराठीतही द्या. आणि वेलस्लीच्या विजयाबरोबर त्या गोलंदाजांविषयीही लिहा. त्यांची नावे कुठल्याही खोलीत जपलेली नाहीत.

आपला,
एक मराठी वाचक