मामूंच्या ट्रंकेतल्या तबकड्या

पावसाळ्याआधी राजिवड्यातल्या आमच्या मामूंच्या घराची कौलं उतरवली, तेव्हा पोटमाळ्यावरून एक लोखंडी ट्रंक खाली आली. मामू जहाजावर होते. मुंबईला उतरले की रत्नागिरीला येताना दरवेळी दोन-चार रेकॉर्डी आणायचे. ट्रंकेत अडतीस निघाल्या. त्या वाजवायचं यंत्र केव्हाच भंगारात गेलेलं. कोकणच्या दमट हवेने कव्हरांना बुरशी चढली होती आणि तळाच्या काही तबकड्या चक्क पापडासारख्या वाकल्या होत्या.

आमची भाची कॉलेजात शिकते, हाताची कसबी आहे. जुन्या रेकॉर्डींची घड्याळं, वाडगे, भिंतीवरच्या शोभेच्या वस्तू तिने मोबाईलवर पाहिल्या होत्या. तिने पहिला हात घातला तो नाझिया हसनच्या ‘डिस्को दीवाने’वर. ज्यांच्या घरी 1981 साली हे गाणं वाजलं असेल, त्यांना सांगायला नको. आदल्या वर्षी ‘कुर्बानी’त गाऊन ही मुलगी घराघरांत पोचली होती. पॉप म्हणजे फक्त इंग्रजी, हा समज तिने आणि झोहेबने मोडून काढला. वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या, पण पाय तेही हलवायचे! मामूंच्या रेकॉर्डवर ओरखडेच ओरखडे होते, ती वाजण्यासारखी राहिलेलीच नव्हती. भाचीने मधलं भोक गोल कानशीने जरासं मोठं केलं, बाजारात मिळणारं घड्याळाचं मशीन मागून बसवलं, कडेने सोनेरी रंगाने जाळीची नक्षी काढली. ते घड्याळ आम्हाला मनापासून आवडलं.

मग वाडग्यांची पाळी आली. विनाइलची तबकडी उकळत्या पाण्यात धरली की मिनिटाभरात मऊ पडते. चिमट्याने उचलून पालथ्या पातेल्यावर टाकायची आणि जाड कापडाने कडा दाबायच्या. थंड झाली की तोच आकार धरते. भाचीने तीन वाडगे केले. तिसरा मुमानींपुढे ठेवला तेव्हा त्या काहीच बोलल्या नाहीत. मधल्या लेबलवर बोट फिरवत राहिल्या.

लग्नानंतर मामूंनी त्यांना दिलेली ती पहिली रेकॉर्ड. लेबलवर मामूंनी निळ्या शाईने तारीख आणि दोन शब्द लिहिले होते. पाण्यात शाई पसरली. मामूंचं हस्ताक्षर घरात आता फार ठिकाणी उरलेलं नाही.

पोर दोन दिवस रडत होती. चूक तिची एकटीची नव्हती, ट्रंक तिच्या हवाली करताना आम्हीही लेबलं वाचली नव्हती. म्हणून ज्यांच्या माळ्यावर अशी ट्रंक असेल, त्यांना आमचं सांगणं आहे : आधी सगळ्या रेकॉर्डी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसापुढे मांडा. पाणी नंतर उकळा.

दुसरी गोष्ट, प्रत्येक काळी तबकडी विनाइलची नसते. ट्रंकेत इस्माईल आझाद कव्वालांची ‘हमें तो लूट लिया’ निघाली, 1958 च्या ‘अल हिलाल’मधली. ती जड, जाड आणि मिनिटाला 78 फेरे घेणारी. अशा तबकड्या लाखेच्या. ही लाख आपल्याच देशातल्या जंगलांतून जगभर जायची. गरम करून तिचा वाडगा करायला जाऊ नका. कडेला धक्का लागला तरी कपची उडते. स्पिरिटने तर मुळीच पुसू नका. सुतार लाकडाला पॉलिश करतात तीच ही लाख, स्पिरिटमध्ये विरघळते. किंचित ओल्या मऊ कापडाने, लेबल सोडून पुसावी आणि पुस्तकासारखी उभी ठेवावी. आडव्या चळतीत ठेवल्या की वरच्यांच्या वजनाने खालच्या बिघडतात.

विनाइलही थेट गॅसच्या ज्योतीवर धरू नये. ते करपलं की डोळ्यांना आणि छातीला झोंबणारा विषारी धूर निघतो. आणि वाडगा दिसायला कितीही देखणा असो, त्यात खजूर, मिठाई ठेवू नका. ते प्लास्टिक खाण्याच्या वस्तूंसाठी केलेलं नाही. किल्ल्या, दोऱ्याची रिळं, बांगड्या यांसाठी ठीक.

मुमानींनी तो वाडगा मागून घेतला. त्यांचा चष्मा आणि तसबीह आता त्यातच असते. लेबलवर एवढंच वाचता येतं : 82.

उरलेल्या पस्तीस... नाही, घड्याळ धरून चार गेल्या, म्हणजे चौतीस. रोज मगरिबनंतर भाची एकेक मुमानींना दाखवते. ही कुठून आणली, ही कोणाच्या शादीत वाजली, हे त्या सांगतात आणि ती वहीत लिहून घेते. आतापर्यंत अकरा बाजूला काढल्या आहेत, त्यांना हात लावायचा नाही. दोन रेकॉर्डींबद्दल मात्र मुमानी म्हणाल्या, “ह्या मला कधीच आवडल्या नव्हत्या. काप खुशाल.”