सडा की रांगोळी?

घरी बनवलेल्या ल्यूरवर, म्हणजे गळाला लावायच्या खोट्या माशावर, ठिपके कसे काढायचे? या प्रश्नाला हल्ली एकच ठरलेलं उत्तर मिळतं. एअरब्रशचं प्रेशर उतरवा, काळा रंग जाडसर ठेवा आणि उडवा शिंतोडे. झालं! मग मासा क्रॅपी असो, ब्राउन ट्राउट असो की ब्रूक ट्राउट.

मंडळी, हा सल्ला चुकीचा नाहीये, अर्धा आहे. आणि अर्धा सल्ला जास्त घातक, कारण काम फत्ते झालंय असं वाटत राहतं.

आपल्या अंगणात ठिपके दोन तऱ्हेचे पडतात. एक सड्याचे: कुठे दाट, कुठे विरळ, कुठे दोन थेंब एकत्र होऊन ओघळ. दुसरे रांगोळीचे: प्रत्येक ठिपका शेजाऱ्याशी अंतर राखून. माशांच्या अंगावरही हेच दोन प्रकार आहेत. (रांगोळीसारखी सरळ रांग नसते, पण अंतर असतं.) सगळ्यांवर सडाच शिंपायचा, याला तंत्र म्हणत नाहीत, आळस म्हणतात.

आधी सड्याचा मान सड्याला देऊ. ब्लॅक क्रॅपीचं शास्त्रीय नाव पोमॉक्सिस निग्रोमॅक्युलेटस. त्यातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थच काळ्या ठिपक्यांचा. हे ठिपके वेडेवाकडे, एकमेकांत मिसळलेले असतात. तिथे शिंतोडेच हवेत. एअरब्रशचं काम रंगाचं बारीक धुकं करायचं. हवा कमी पडली की ते काम बिघडतं आणि धुक्याऐवजी थेंब उडतात. आमच्या धंद्यात याला बग नव्हे, फीचर म्हणतात! नेहमीच्या 20-25 पीएसआयवरून 8-10 वर या. रंगाची वाटी वर असलेला एअरब्रश घ्या. खालच्या बाटलीतून रंग ओढणारा इतक्या कमी हवेत रंग ओढेलच असं नाही. वीतभर अंतर ठेवा, जवळ गेलात तर ओघळ येतील. पहिला फवारा नेहमी पुठ्ठ्यावर, कारण सगळ्यात मोठे थेंब त्यातच असतात. पाठीवर दाट, पोटाकडे विरळ, आणि पोट पांढरंच ठेवा.

आता ट्राउट. ब्राउन ट्राउटच्या अंगावर काळे आणि तांबडे ठिपके असतात, आणि बऱ्याच ठिपक्यांभोवती फिकट कडं असतं. हे शिंतोड्यांनी येईल? कसं येणार? आधी फिकट ठिपका, तो वाळला की त्याच्या मधोमध लहान गडद ठिपका, असं दोनदा काम आहे. पातळ रंग, कमी हवा, जवळून एकेक ठिपका. तेही जमत नसेल तर टाचणीचं डोकं रंगात बुडवून टेकवा. त्यात कमीपणा काहीच नाही.

ब्रूक ट्राउटचं तर गणितच उलटं. हा खरं तर चार कुळातला मासा. चार म्हणजे गडद अंगावर फिकट ठिपके. ट्राउट म्हणजे फिकट अंगावर गडद ठिपके. त्याच्या पाठीवर अळ्यांसारखी नागमोडी नक्षी असते आणि कुशीवर निळ्या कड्यातले लाल ठिपके. त्यावर काळे शिंतोडे उडवणं म्हणजे फोटोच्या निगेटिव्हला फोटो म्हणणं. इथे आधी फिकट थर द्यायचा, त्यावर मास्किंग फ्लुइडचे ठिपके टेकवायचे, वरून गडद हिरवट तपकिरी फवारायचा आणि वाळल्यावर ते ठिपके बोटाने चोळून काढायचे. म्हणजे ठिपका *काढायचा* नाही, *राखायचा*.

हे अंतर येतं कुठून? त्याचं गणित ॲलन ट्युरिंगने 1952 साली मांडलं, तोच आमचा कॉम्प्युटरवाला ट्युरिंग. पसरणारी आणि एकमेकांना आवरणारी दोन रसायनं आपोआप ठिपके पाडू शकतात. 2010 मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की फिकट ठिपक्यांचा चार आणि गडद ठिपक्यांचा सामन यांच्या संकरित पिल्लावर ठिपके नसतात, भूलभुलैयासारखी नक्षी असते. निसर्ग शिंतोडे उडवत नसतो, राव.

"पण माशाला कुठे कळतंय?" हा ठरलेला आक्षेप. मान्य! 2019 मध्ये इलिनॉयच्या संशोधकांनी लार्जमाउथ बासची नजर तपासली. त्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच तऱ्हेच्या, लाल आणि हिरव्यासाठी. पोपटी पिवळा आणि पांढरा यात तो गोंधळतो. फिनलंडच्या लौरी रापालाने 1936 साली बुचाच्या लाकडाचा ल्यूर कोरला, त्यावर चॉकलेटची चांदी चिकटवली, फोटोच्या निगेटिव्ह वितळवून वार्निश केलं. ठिपका एक नाही, तरी मासे लागले.

पण मग घरी बनवायचाच कशाला? वजन, तोल, किंमत, सगळ्यात कारखाना आपल्याला हरवतो. आपल्याकडे एकच जास्तीची गोष्ट आहे: आपल्या पाण्यात कोण राहतं हे आपल्याला माहीत असू शकतं. कारखान्याचा तोच सरसकट 'ट्राउट पॅटर्न' आपणही उडवणार असू, तर ती एकमेव गोष्टही गेली.

आणि हा फरक नुसता शोभेचा नाही. ब्राउन ट्राउट अमेरिकेचा नाहीच. त्याची अंडी 1883 साली जर्मनीहून आली आणि 1884 मध्ये त्याची पिल्लं मिशिगनच्या बाल्डविन नदीत सोडली गेली. पूर्व भागातला मूळ रहिवासी ब्रूक ट्राउट. अनेक ओढ्यांत ब्राउनने त्याला वरच्या, थंड पाण्याकडे रेटलंय. काही ठिकाणी दोघांसाठी नियमही वेगळे असतात. गळाला लागलेला मासा ठेवायचा की सोडायचा, हे काही सेकंदांत ठरवायचं असतं. ज्याने हिवाळाभर दोघांचे ठिपके स्वतःच्या हाताने मांडलेत, त्याला तेव्हा पुस्तक उघडावं लागत नाही. ज्याने सगळ्यांवर शिंतोडेच उडवले, त्याला दोघेही 'ठिपकेवाला ट्राउट'च दिसणार.

थोडक्यात काय, तर एअरब्रश भरण्याआधी मासा नीट बघा. ठिपका गडद की फिकट? कडं आहे की नाही? अंतर राखून आहे की विखुरलेला? एवढी तीन उत्तरं मिळाली की मग प्रेशर किती, नॉझल कुठलं, हे प्रश्न सोपे आहेत.

पटलं तर घ्या. नाहीतर शिंतोडे आहेतच.