तराजूतील बुडबुडा आणि मुक्कामाची गाडी

पाथर्डीच्या पेठेत इलेक्ट्रॉनिक वजनकाटा मांडताना दुकानदार प्रथम त्यावरील लहानशा बुडबुड्याकडे पाहतो. तो वर्तुळाच्या मध्यभागी नसेल, तर खालचे स्क्रू फिरवून काटा समपातळीत आणतो आणि मगच वजनावर विश्वास ठेवतो. मोटारहोम, म्हणजे झोपण्याची व स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, भाड्याने किंवा विकत घेणाऱ्या कुटुंबाने हीच सवय गाडीच्या बाबतीतही ठेवावी.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले. चातुर्मासात साधू-साध्वींच्या दर्शनासाठी आजी-आजोबांना घेऊन दूर जाणाऱ्या कुटुंबांना अशी गाडी सोयीची वाटणे स्वाभाविक आहे. तथापि मुक्कामाची जागा क्वचितच सपाट असते. चाळीस फुटांमागे एक फूट असा साधा उतार धरला, तरी चार मीटर अंतरावरील पुढच्या व मागच्या चाकांत दहा सेंटिमीटरचा फरक पडतो. अशा गाडीत ज्येष्ठांचे डोके पायांपेक्षा खाली जाते, मोरीतील पाणी निघत नाही आणि शेगडीवरील भांडे सरकते. गॅसवर चालणारा शोषण पद्धतीचा फ्रिज तर तिरपा राहिल्यास नीट गारवाच देत नाही, कारण त्यातील द्रव गुरुत्वाकर्षणाने वाहतो.

गाडी समपातळीत आणण्याचे दोन यांत्रिक मार्ग आहेत. पहिला एअर सस्पेन्शनचा. धुरा व सांगाडा यांच्यामध्ये रबरी फुगे असतात. कॉम्प्रेसरने त्यांत हवा भरून किंवा सोडून एकेक कोपरा वर-खाली करता येतो. प्रवासातील हादरे कमी होतात, हा याचा मोठा लाभ. जमिनीवर काही टेकवावे लागत नसल्याने ओल्या मातीत पाय रुतण्याचा प्रश्नही येत नाही. उणिवा मात्र ध्यानात घ्याव्यात. फुग्यांची चाल मर्यादित असते, भार टायरांवरच राहतो म्हणून आत कोणी चालले की गाडी डुलते आणि बारीक गळती असल्यास पहाटेपर्यंत एक बाजू खचलेली आढळते.

दुसरा मार्ग हायड्रॉलिक जॅकचा. सांगाड्याला जोडलेले पाय तेलाच्या दाबाने जमिनीवर टेकतात. त्यामुळे गाडी घरासारखी स्थिर राहते व जास्त उतारही सावरता येतो. परंतु या पायांचे वजन कायम वाहावे लागते. पावसाळ्यातील काळ्या मातीत त्यांखाली रुंद, जाड फळ्या न ठेवल्यास ते रुततात. सर्वांत मोठा धोका वेगळाच आहे. बहुतेक गाड्यांत हँडब्रेक मागच्या चाकांवर चालतो. ती चाके जॅकने अधांतरी उचलली गेली, तर उतारावर गाडी घसरू शकते. म्हणून चाकांना ओट लावावी आणि मागची चाके जमिनीवरून सुटू देऊ नयेत. निघण्यापूर्वी पाय पूर्ण वर गेल्याची खात्री करावी.

हिशेब असा मांडता येईल. रोज नवे गाव आणि बहुधा पक्की जागा असेल, तर एअर सस्पेन्शन पुरेसे ठरते. एकाच ठिकाणी ज्येष्ठांसह आठवडाभर राहायचे असेल, तर जॅकचा खर्च सार्थकी लागतो. कधीतरीच प्रवास घडणार असेल, तर गवंड्याची पाणसळ आणि चाकाखाली घालण्याच्या मजबूत पाचरी एवढ्यावरही भागते. नंतर यंत्रणा बसवून घेताना मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मधील फेरबदलांवरील बंधने पाहावीत, परिवहन कार्यालयात चौकशी करावी आणि विमा कंपनीला लेखी कळवावे. दावा नाकारला जाण्यापेक्षा एक पत्र स्वस्त पडते.

सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणाऱ्या कुटुंबाला येथे एक लाभ आपोआप मिळतो. गाडी उजेडीच थांबते, त्यामुळे जमीन निरखता येते. फळी ठेवण्याआधी तेथे मुंग्यांचे वारूळ नाही ना, हे जयणेने पाहणाऱ्याला भुसभुशीत माती आणि खड्डाही त्याच वेळी दिसतो.

एक नियम मात्र दोन्ही पद्धतींना सारखाच लागू आहे. केवळ हवेवर किंवा तेलाच्या दाबावर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये, आणि मुलांना तर तेथे फिरकूही देऊ नये. बुडबुडा मध्यभागी आला, तरी हा नियम सुटत नाही.