पात्रनिवडीचे अर्थशास्त्र

महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर एक कागद लागतो. विद्यापीठाच्या युवक महोत्सवासाठी एकांकिका बसवावयाची असून इच्छुक विद्यार्थ्यांनी अमुक वारी दुपारी तीन वाजता पात्रनिवडीसाठी सभागृहात उपस्थित राहावे, असे त्यावर लिहिलेले असते. कागद सर्वांसाठी असतो. त्यावर ना जातीची अट असते, ना जमिनीची, ना फीची. तरीही तीन वाजता सभागृहात कोण असेल आणि कोण नसेल, हे महाविद्यालयाच्या शिपायालाही आदल्या दिवशी सांगता येते.

जालना जिल्ह्यातील महाविद्यालयांत येणारी मुले मोठ्या संख्येने परतूर, मंठा, घनसावंगी, अंबड, बदनापूर, भोकरदन, जाफ्राबाद या तालुक्यांच्या खेड्यांतून येतात. त्यांचा दिवस एस.टी.च्या वेळापत्रकाने बांधलेला असतो. तालीम रंगात येते ती संध्याकाळी. शेवटची गाडी त्याआधीच निघून गेलेली असते. 2023 च्या मार्चपासून महिलांना एस.टी.चे भाडे निम्मे झाले, ही चांगलीच गोष्ट झाली; परंतु जी गाडी रात्री नऊ वाजता सुटतच नाही तिचे अर्धे तिकीट कोणत्याही मुलीच्या उपयोगाचे नाही. मुलींची भूमिका करावयास मुली मिळत नाहीत, ही नाट्यसंघांची जुनी तक्रार आहे. ती कलेच्या अभावाची तक्रार नसून वाहतुकीची आणि सुरक्षिततेची आहे.

त्यात हंगामाची भर पडते. पावसाळा सरता सरता महोत्सवाचे वारे वाहू लागतात; नेमकी तेव्हाच सोयाबीनची काढणी आणि मागोमाग कापसाची वेचणी येऊन ठेपते. दसऱ्यानंतर काही घरे कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात आणि मागे राहिलेल्या मुलावर जनावरे व म्हातारी माणसे यांचा भार पडतो. महिनाभराच्या तालमीची किंमत अशा मुलाला बुडालेल्या रोजगारात मोजावी लागते. शहरातील व्यापाऱ्याच्या वा नोकरदाराच्या मुलाला तीच तालीम फुकट पडते. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्गात संधीच्या किमतीचा धडा शिकविला जातो. तो धडा शिकविणाऱ्या महाविद्यालयालाच आपल्या सूचनाफलकावर तो लागू होतो याची जाणीव नसावी, हे नवल आहे.

एवढे सर्व ओलांडून एखादा विद्यार्थी सभागृहात पोहोचलाच, तर त्याच्या हाती छापील संहितेचा उतारा दिला जातो आणि दोन-तीन मिनिटांत निकाल लागतो. ‘काय करायलास’ असे घरी बोलणाऱ्याची जीभ तेथे अडखळते. ‘न’ आणि ‘ण’ यांच्या तराजूवर त्याला तोलले जाते. मग त्याच्या बोलीला वाव मिळतो तो गड्याच्या किंवा विनोदी पोलिसाच्या भूमिकेत, म्हणजे ज्या पात्राला हसावयाचे असते तेथे. नाटक जितके अवघड, तितकी ही चाळणी बारीक होत जाते. त्यात शिक्षकाचा दोष फारसा नाही. त्याच्यापाशी वेळ थोडा असतो, पैसा त्याहून थोडा असतो, आणि संस्थाचालकांना करंडक हवा असतो. तेव्हा तो तयार माल उचलतो.

याच जिल्ह्यात याच्या अगदी उलट घडलेले आहे, आणि त्याची दखल घेणे अगत्याचे आहे. घनसावंगी तालुक्यातील जांब समर्थ हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. तेथील शेतकरी राजकुमार तांगडे गावच्या रंगमंचासाठी नाटके लिहीत आले. विजेच्या प्रश्नावरील त्यांच्या नाटकाचे नावच ‘आकडा’. तारेवर आकडा टाकणे म्हणजे काय, हे तेथील प्रेक्षकाला समजावून सांगावे लागत नाही. 2012 साली त्यांनी लिहिलेले ‘शिवाजी अंडरग्राऊंड इन भीमनगर मोहल्ला’ रंगभूमीवर आले. मूळ कल्पना आणि संगीत लोकशाहीर संभाजी भगत यांचे, दिग्दर्शन नंदू माधव यांचे. रंगमंचावर उभे राहिले ते बहुतांशी जालना जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबांतले तरुण. मुंबई-पुण्याच्या नाट्यगृहांत त्याचे शेकडो प्रयोग झाले, आणि ज्या बोलीला एरवी गड्याची भूमिका मिळते ती बोली शिवाजीच्या विचारांचा वाद मांडताना प्रेक्षकांनी कान देऊन ऐकली.

हे नाटक सोपे मुळीच नव्हते. त्यात यमाच्या हाती शिवाजीचा जिरेटोप येतो, आणि तो ज्याच्या डोक्याला बरोबर बसेल असा माणूस शोधीत यम पृथ्वीवर हिंडतो. शिवाजीवर हक्क सांगणारी डोकी पुष्कळ असतात. जिरेटोप मात्र त्यांना बसत नाही. पात्रनिवडीवर याहून मार्मिक भाष्य नाट्यशास्त्राच्या कोणत्या पाठ्यपुस्तकात असेल, असे वाटत नाही. आणि हे सर्व त्या मराठवाड्यात, जेथे 1978 साली विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावानंतर दलितांची घरे जाळली गेली आणि नामविस्तार व्हावयास 1994 चा जानेवारी उजाडावा लागला. त्या प्रदेशातील खेड्यातून भीमनगर आणि शिवाजी यांना एका दालनात आणणारे नाटक निघावे, ही घटना केवळ रंगभूमीच्या इतिहासात नोंदवून सोडून देण्यासारखी नाही.

येथे एका भाबड्या समजुतीपासून सावध राहिले पाहिजे. खेड्यातील माणूस मुळातच नट असतो, त्याला शिक्षण नको, असे म्हणणे म्हणजे त्याच्या कष्टांवर बोळा फिरविणे होय. ही मंडळी एका दिवसात उभी राहिली नाहीत. मागे गावातल्या नाटकांची वर्षे होती, आणि पुढे अनुभवी दिग्दर्शकाची शिस्त होती. फरक इतकाच की, तीन मिनिटांच्या चाचणीत कोणी त्यांना बाद केले नव्हते. त्यांना वेळ मिळाला.

पात्रनिवड रद्द करावी, असाही याचा अर्थ नव्हे. चाचणी नसेल तर वशिला येतो. संस्थाचालकाचा पुतण्या नायक होतो. खुली चाचणी त्याहून कितीतरी बरी. प्रश्न आहे तो चाचणी नेमके काय मोजते याचा.

समाजवादी चळवळीला हा प्रश्न परका नाही. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने ज्यांना उभे केले त्यांत निळू फुले होते, जे पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करीत. राम नगरकर होते, ज्यांनी नाभिक कुटुंबातील आपले जीवन पुढे ‘रामनगरी’त सांगितले. दिवसाचे काम आटोपून येणाऱ्या माणसाच्या सोयीने तेथे तालमी होत. पुढे कलापथके विरळ होत गेली आणि चळवळीने तो प्रांत महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांवर सोपवून दिला. निवडणुकीच्या सभेपूर्वी गाणी म्हणण्यापुरती कलावंतांची आठवण ठेवणाऱ्या कार्यकर्त्यांनी या ऱ्हासाचा काही वाटा स्वतःकडे घ्यावयास हवा.

मागण्या करावयाच्या त्या माफक आणि हिशेबात बसणाऱ्या आहेत. पात्रनिवड तालुक्याच्या ठिकाणी व्हावी आणि ती छापील उताऱ्यावर न होता आठवडाभराच्या शिबिरातून व्हावी. महोत्सवाची तारीख काढणी-वेचणी पाहून ठरावी. मुलींना तालमीनंतर घरी पोहोचविण्याची जबाबदारी महाविद्यालयाने लेखी स्वीकारावी. आणि महत्त्वाचे म्हणजे, कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या विचारातून आलेली ‘कमवा व शिका’ योजना विद्यापीठांत चालू आहे. तीत बागेत वा ग्रंथालयात काम करणाऱ्या गरीब विद्यार्थ्याला तासांवर मोबदला मिळतो. नेपथ्य उभारणे, वेशभूषा सांभाळणे, तालमीला हजर राहणे हे तास त्याच योजनेत का धरू नयेत? यासाठी नवा कायदा लागत नाही. विद्यापीठाच्या अधिसभेत पक्षाचे जे सदस्य व सहानुभूतिदार आहेत त्यांनी अर्थसंकल्पाच्या बैठकीत हा ठराव मांडावा, आणि युवक महोत्सवावर होणाऱ्या खर्चापैकी मंडप व सत्कारावर किती आणि तालमीसाठी येणाऱ्या मुलांच्या प्रवासावर किती, याचा आकडा त्याच बैठकीत मागून घ्यावा.