चव बदलली, डाव जुनाच

नेहमीच्या सिगारेटची चव बदलली की ओढणाऱ्याला शंका येते : व्यसन वाढवणारं काही मिसळलं असेल का?

शंका अगदीच पोकळ नाही. निकोटीनचं व्यसन लागत नाही, असं १९९४ मध्ये अमेरिकेतल्या सात सिगारेट कंपन्यांच्या प्रमुखांनी संसदीय समितीपुढे शपथेवर सांगितलं. १९९६ मध्ये ‘ब्राउन अँड विल्यमसन’ या सिगारेट कंपनीचे माजी अधिकारी जेफ्री वायगंड यांनी टीव्हीवर गौप्यस्फोट केला : निकोटीनचा परिणाम वाढवायला अमोनिया वापरतात. व्यसन टिकावं म्हणून कंपन्या निकोटीनची मात्रा ठरवून राखतात, असा ठपका २००६ मध्ये न्यायाधीश ग्लॅडिस केसलर यांनी ठेवला.

व्यसनाचं मुख्य आरोपी मात्र तंबाखूतलं निकोटीनच. तरी सोबत काय मिसळलंय, हे ओढणाऱ्याला कळायला हवं.

बिस्किटाच्या पुड्यावर मैद्यापासून सोड्यापर्यंत सगळं छापावं लागतं. मग सिगारेटच्या पाकिटावर घटकांची यादी सक्तीची का नको?